ऐकू येईल तेवढंच

दारव्ह्याची गाडी यवतमाळच्या स्टँडातून बाहेर पडली, कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन सीटपाशी आला आणि मंजुषानं ‘बोरी अरब’ म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच आला नाही. ओठ हलले, जीभ टाळूला लागली, घशात काहीतरी घासलं, पण शब्द काही बाहेर पडला नाही. कंडक्टर बघत राहिला. “बोला नं मॅडम, कुठं?” ती खाकरली, पुन्हा म्हणाली, आणि या वेळी जो आवाज निघाला तो जाडाभरडा, कुणातरी दुसऱ्याच बाईचा होता. कंडक्टरनं तिकीट दिलं आणि तो पुढे सरकला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, घसा धरला असेल. पण मंजुषाचा घसा धरला नव्हता. सर्दी नव्हती, ताप नव्हता. खिडकीच्या गजाला धरून ती मनानं मागे मागे गेली आणि तिच्या ध्यानात आलं की शनिवारी शाळेच्या फाटकात मुलांना ‘नीट जा रे’ म्हटलं, त्यानंतर आजपर्यंत आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. काढावा लागलाच नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. भाजीच्या दुकानात टोपली भरली, मशीननं आकडा दाखवला, मोबाइल समोर धरला, झालं. बंगलोरहून मंदारनं, भावानं, सकाळी फुलाचं चित्र पाठवलं, तिनं अंगठा पाठवला. सबंध रविवार गेला आणि घरात माणसाचा आवाज झाला नाही, आणि त्यात आपल्याला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही, हेच आता खुपत होतं. बाहेर कपाशीची शेतं पांढरी झाली होती, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या आणि वाकल्या वाकल्या एकमेकींशी काहीबाही बोलत होत्या. गाडीच्या घरघरीत त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती.

वैशाखापर्यंत असं नव्हतं. वैशाखापर्यंत आर्णी रोडवरच्या त्या दोन खोल्यांत तिची टकळी सकाळपासून चालू असायची. अण्णा होते. तिचे वडील, नीळकंठराव, उभा जन्म कचेरीत गेलेला, मोजून बोलणारा माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि ते मोजकं बोलणंही गेलं. मग मंजुषाच दोघांचं बोलायला लागली. अण्णा, आज वांगी बघा कशी कोवळी मिळाली. अण्णा, तो समोरचा कुत्रा पुन्हा लंगडतोय. अण्णा, तुम्हाला पंखा नको आहे ना, मला कळलं, बंद करते. अण्णा छताकडे बघत. कधी तिच्याकडे बघत. त्या बघण्यात तिला होकार दिसे, नकार दिसे, एखादे वेळी थट्टाही दिसे. डॉक्टर घरी आले होते तेव्हा खाटेपाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, “आजोबा, डोळे मिटा. आता जीभ दाखवा.” अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, हात दाबून बघितला, आणि उठताना हलक्या आवाजात म्हणाले, “त्यांच्यापर्यंत पोचत नाही.” मंजुषा म्हणाली, “पोचतं. मला माहीत आहे.” डॉक्टर नुसते तिच्याकडे बघून हसले, फार मायेनं, आणि ते मायेचं हसू तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्यानंतर ती अण्णांशी जास्तच बोलायला लागली, आणि बोलता बोलता मध्येच थांबून त्यांच्या डोळ्यांत बघायला लागली. ते गेले आणि घर एकदम गप्प झालं. लोक म्हणाले, सुटले बिचारे. ती सुटली असंही म्हणाले, पण तिच्या पाठीमागे.

बोरी अरबला उतरून पुढे काळीपिवळी जीपनं बंजाऱ्यांच्या तांड्यावर. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, हापशी आणि कडुलिंब. शिक्षक दोनच, ती आणि मुख्याध्यापक उत्तमसिंग सर. सर शेजारच्याच तांड्यावरचे, मुलांच्या घरची गोरबोली त्यांना येणारी. मंजुषा यंदा जूनमध्ये बदलून आलेली, तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्या सोमवारी वाचन चाचणीची दुसरी फेरी होती. तिसरीच्या वर्गातलं एकेक मूल समोर बसवायचं, त्याच्यापुढे कार्ड ठेवायचं. आधी अक्षरं, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. मूल जिथपर्यंत पोचेल तो त्याचा स्तर, आणि काहीच नाही आलं तर प्रारंभिक. तो स्तर मोबाइलमधल्या अॅपवर टाकायचा आणि त्याप्रमाणे मुलांचे गट करून शिकवायचं. काम मंजुषाच्या आवडीचं होतं. वर्ग एरवी एकाच तोंडानं ओरडतो, पण कार्डापुढे मूल एकटं येतं. कोण ‘घर’ला ‘गर’ म्हणतं, कोण पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द ठोकून देतं, कुणाचं बोट डोळ्यांच्या पुढे पळतं, ते सगळं तेव्हाच कळतं. ओमनं परिच्छेद एका दमात वाचला आणि शेवटी श्वास घेतला. “पूर्णविराम असतो ना रे मध्ये?” “त्याच्यात कायले टाइम घालवा मॅडम,” ओम म्हणाला.

मग सोनू आली. सोनू शाळेत बोलत नाही, हे मंजुषाला पहिल्याच दिवशी मुलांनी सांगितलं होतं, एखाद्याला चष्मा आहे हे सांगावं तसं. “मॅडम, थे बोलतच नाही.” हजेरीला हात वर करते, खेळात धावते, पडली तर रडते, पण रडण्यालाही आवाज नसतो. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती आजीपाशी असते. मानीबाई, आजी, एकदा शाळेच्या फाटकाशी भेटली होती, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाली होती, “घरी तं तोंड मिटत नाही बाई हिचं. मीच म्हनतो, चूप बस माय, कान किटले. अन् शाळंत काहून बोलत नाही, देवालेच मालूम.” पहिली फेरी सरांनी घेतली होती. सोनूच्या नावापुढे ‘प्रारंभिक’ पडलं होतं, आणि म्हणून ती जुलैपासून ‘क’ आणि ‘म’च्या कार्डांपुढे बसत होती. आताही उत्तमसिंग सर दारातून म्हणाले, “तिचं टाकून द्या मॅडम तेच. आवाजच नाही तं आपण काय धरणार? ट्रेनिंगमंदी सांगतलं नं, ऐकू येईल तेवढंच धरायचं, मनाचं काही टाकायचं नाही.” मंजुषा हो म्हणाली. पण मूल समोर बसलं होतं, तेव्हा कार्ड तरी ठेवावं, म्हणून तिनं गोष्टीचं कार्ड ठेवलं. सरपंचाच्या बकरीची गोष्ट होती. चित्र नव्हतं. सोनू मान खाली घालून बसली. मंजुषा खिडकीबाहेर बघायला लागली, तिच्या मनात पुन्हा ती सकाळची गाडी आली, ते उघडलेलं आणि रिकामं तोंड. आणि परत वळून बघते तर सोनूचे डोळे ओळीवरून चालले होते. ओळ संपली की झटकन डावीकडे यायचे, पुन्हा निघायचे. खालून तिसऱ्या ओळीत बकरी सरपंचाच्या धोतराचा सोगा खाते आणि सरपंच भाषणाला उभे राहतात. सोनूचे डोळे तिथं पोचले. नाक मुरडलं, ओठाचं एक टोक वर गेलं, आणि तिनं पटकन हात तोंडावर नेला.

मंजुषानं कार्ड तसंच राहू दिलं. तिनं काही विचारलं नाही. विचारलं तर हे उडून जाईल असं तिला वाटलं. तिनं कोपऱ्यातली पाटी घेतली आणि लिहिलं, ‘खिडकी उघड.’ सोनूनं पाटीकडे बघितलं, उठली, खिडकीची एक झडप मिटलेली होती ती ढकलली आणि येऊन बसली. मंजुषानं पुसून लिहिलं, ‘टेबलावरून निळा खडू आण.’ खडू आला. ‘ओमच्या डोक्यावर टपली मार.’ इथं सोनू थांबली. पाटीकडे बघितलं, मग मंजुषाकडे, खरंच का अशा नजरेनं. मंजुषानं मान हलवली. सोनू ओमच्या मागे गेली आणि अगदी हळू टपली मारली. “मॅडम! थे मले मारून राह्यली!” ओम केकाटला, आणि सगळा वर्ग हसला, आणि त्या हसण्यात सोनूचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. खिचडीची सुटी झाली, मुलं ताटल्या घेऊन पळाली, सोनू मात्र बसून राहिली, पुढे काय म्हणून. मंजुषा लिहीत गेली, पुसत गेली. तुझ्या आजीकडे बकऱ्या किती? तीन बोटं. भात आवडतो की बाटी? सोनूनं खडू घेऊन ‘बाटी’खाली रेघ ओढली. किती दिवसांत मंजुषा कुणाशी असं बोलली नव्हती. हात आपोआप चालत होता, खडूची पूड ओच्यात पडत होती, आणि कधी लिहिलं ते तिलाही कळलं नाही, पण पाटीवर अक्षरं उमटली होती, ‘मी घरी एकटीच असते.’ सोनूनं ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग तिनं मंजुषाच्या हातातला खडू काढून घेतला आणि त्या ओळीखाली, काना-उकाराची काळजी घेत लिहावं तसं जपून लिहिलं, ‘काहून?’

पुस्तकात कुठं हा शब्द नाही. पुस्तकात ‘का’ असतं, ‘कशासाठी’ असतं. हा तिचा शब्द होता, घराबाहेरच्या जगाचा, हापशीवरचा, ऐकून ऐकून तिनं स्वतःच अक्षरांत बसवलेला. मंजुषा त्याकडे बघत राहिली. लग्न जमलं नाही म्हणून? आई लवकर गेली म्हणून? मंदार म्हणाला होता ये इकडे, आणि आपण म्हणालो अण्णांना हलवता येणार नाही. आणि अण्णा गेल्यावर तो पुन्हा म्हणाला नाही, म्हणून? आठ वर्षांच्या पोरीपुढे हे काय मांडून बसलो आपण, म्हणून तिला एकदम शरम वाटली. तिनं पदरानं पाटी घाईघाईनं पुसली आणि लिहिलं, ‘जेवायला जा.’ सोनू उठून गेली. मंजुषानं अॅपवर सोनूच्या नावापुढे ‘गोष्ट’ निवडलं.

“मॅडम, जिल्ह्यावरून पडताळणीवाले आले म्हणजे?” उत्तमसिंग सर म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, काळजी वाटत होती. “पयलीत बोलायची हे. दोन-तीन महिने बोलली. मंग एक दिवस बंदच झाली. म्याबी लय प्रयत्न केले, आमच्या बोलीत बोलून पाह्यलं.” “सर, ती वाचते. मी बघितलं.” “तुमी पाह्यलं मॅडम, पण त्याहिले ऐकू यायले पाह्यजे नं.” मंजुषा परतीच्या गाडीत बसली तेव्हा तिला याचं काही वाटत नव्हतं. उद्या पाटीवर काय लिहायचं याचाच ती विचार करत होती. मंगळवार, बुधवार तसेच गेले. घरी आल्यावर भाजी चिरताना तिच्या मनात वाक्यं यायची, छोटी छोटी, जोडाक्षरं असलेली, आणि ती अण्णांच्या रिकाम्या खाटेकडे न बघता स्वयंपाक उरकायची.

गुरुवारी पडताळणीला केतकी आली. जिल्ह्याच्या कार्यालयातली, पंचविशीतली, मुलांशी गोड बोलणारी मुलगी. तिनं कुठल्याही पाच मुलांना बोलवायचं होतं आणि सोनूचं नाव त्यात आलं. सोनू येऊन बसली. केतकीनं कार्ड ठेवलं, थांबली, पुन्हा थांबली. “हिला पाटीवर लिहून दाखवू का?” मंजुषानं विचारलं, आणि केतकीच्या होकाराची वाट न बघता लिहिलं, ‘दार लाव.’ सोनू हलली नाही. तिचे डोळे पाटीवर नव्हते, कशावरच नव्हते; ती दगडासारखी बसली होती, मांडीवरच्या मुठी वळलेल्या. मंजुषानं अक्षरं मोठी काढली. मग आणखी मोठी. मागून ओम ओरडला, “मॅडम, तिले येते! तिनं मले मारलं होतं!” सरांनी त्याला गप्प केलं. केतकी वाट बघत होती, घाई करत नव्हती, आणि तिच्या तोंडावर मंजुषाला एक हसू उमटताना दिसलं. फार मायेचं. मंजुषाच्या हातातली पाटी एकदम जड झाली. “ती लिहितेसुद्धा,” ती म्हणाली, “सोमवारी तिनं स्वतः लिहिलं, ‘काहून’ म्हणून.” “हो? कशाबद्दल विचारलं तिनं?” केतकीनं खरंच उत्सुकतेनं विचारलं. मंजुषानं तोंड उघडलं. सर बघत होते, मुलं बघत होती, सोनू खाली बघत होती. सांगणं काही कठीण नव्हतं, चार शब्द होते. ते निघाले नाहीत. “असंच,” ती शेवटी म्हणाली, “असंच काहीतरी.” केतकीनं मान हलवली आणि टॅबवर पुन्हा ‘प्रारंभिक’वर बोट टेकवलं. निघताना ती मंजुषाजवळ आली. “मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. घरी बोलते म्हणता ना? मग मोबाइलवर आवाज घेऊन पाठवा मला. वाचतानाचा. शनिवारपर्यंत बदल करता येतो, मी करेन.”

केतकीची गाडी गेली. मंजुषा व्हरांड्यात उभी राहिली. सोनूबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, तो शब्द तिनं डोळ्यांनी बघितला होता. शंका आली ती दुसरीच, आणि आली ती जाईना. पोरीनं एक शब्द लिहिला म्हणून आपल्याला ठाऊक झालं की पोचतं. अण्णांनी तर काहीच लिहिलं नव्हतं. दोन वर्षं त्या डोळ्यांत आपण जे जे वाचलं, पंखा नको, भाजी आवडली, आज तू दमलीस, ते तिथं होतं, की आपणच लिहीत होतो आणि आपणच वाचत होतो? डॉक्टर खरं बोलले असतील, तर त्या घरात दोन वर्षं ती एकटीच होती, अण्णा असतानाही. आणि चुकले असतील, तर अण्णांना सगळं कळत होतं आणि कुणी त्यांना खडू दिला नाही. यातलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना. कडुलिंबाची वाळकी पानं व्हरांड्यात येऊन पडत होती, शाळा सुटली होती, सर कुलूप घेऊन उभे होते. “येता का मॅडम? काळीपिवळी भरून राह्यली.” “तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली, आणि तांड्याकडे चालू लागली.

मानीबाईचं घर तांड्याच्या टोकाला. अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग, दावणीला बकऱ्या, दार उघडं. मंजुषा कुडापाशी आली आणि हाक मारायला तोंड उघडणार तोच आतून आवाज आला. खरखरीत, मोठा, तोऱ्यातला आवाज. क्षणभर तिला वाटलं ही दुसरीच कुणी पोरगी आहे, मोठी, चार घरांवर हुकूम चालवणारी. “बि-याण्यास विषारी औषध लावलेले आहे,” आवाज म्हणत होता, टीव्हीवरच्या बातम्या द्याव्यात तसा. “खाण्या-साठी किंवा जना-वरांच्या खाद्यासाठी वापरू नये. कोरड्या व थंड जागी ठेवावे.” हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी असणार, पेरणीचे दिवस होते. म्हातारीनं काहीतरी विचारलं. पोरगी गोरबोलीत भडाभडा सांगायला लागली, मध्येच हसली, मध्येच ‘याडी, याडी’ म्हणून, आई म्हणावं तसं, तिला दटावलं, पुन्हा वाचायला लागली. ‘प्रमाणित’ अडलं. ‘प्र’वर थांबली, मागे गेली, धावत आली आणि ओलांडून गेली. मंजुषानं पर्समधून मोबाइल काढला. लाल ठिपक्यावर अंगठा नेला. एवढं एक वाक्य पुरे होतं. शनिवारच्या आत केतकीला पाठवायचं, ‘प्रारंभिक’ पुसलं जाईल, पोरीची ‘क’ आणि ‘म’मधून सुटका होईल. आणि केतकी ते कार्यालयात लावेल, कुणीतरी ग्रुपवर टाकेल, खाली अंगठे येतील, आणि ज्या आवाजाला ही पोर रोज शाळेच्या दाराबाहेर ठेवून येते तो सगळीकडे फिरेल, तिला न विचारता. मंजुषाचा अंगठा तसाच काचेवर राहिला. पाटीवर का होईना, विचारायला हवं. पण विचारायचं तर समोर जायला हवं, आणि आपण त्या दारात पाऊल टाकलं की हा आवाज थांबणार, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिचे डोळे भरून आले. या आवाजाला जे नको आहे त्यात आपणही आहोत.

बकरी ओरडली. आतलं वाचणं तुटलं, आणि पिशवी हातात घेऊन सोनू दारात आली. दोघींची नजरानजर झाली. सोनूचं तोंड उघडं होतं, पुढचा शब्द ओठावर असावा, आणि मंजुषाच्या डोळ्यांदेखत ते मिटलं. नजर मोबाइलवर गेली. आतून मानीबाईनं विचारलं, “कोण हाय वं?” मंजुषानं मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली. काहीतरी म्हणावं असं तिला वाटलं आणि काहीही म्हणू नये असंही वाटलं. कुडाबाहेर धुणं आपटायचा एक चपटा दगड होता. ती वळली आणि त्या दगडावर बसली, घराकडे पाठ करून. समोर रस्ता होता, त्याच्यापलीकडे तुरीचं शेत, पिवळ्या फुलांनी भरलेलं. म्हातारी दाराशी आलेली तिला पाठीमागून कळलं. मग ती परत आत गेली आणि भांड्यांचा आवाज झाला. रस्त्यावरून काळीपिवळी गेली, शेवटचीच असेल. उत्तमसिंग सरांनी तिच्यातून हात केला. आता बोरी अरबपर्यंत पायीच जावं लागणार होतं. मान अवघडली होती, पण ती हलली नाही. ऊन उतरलं, बकऱ्या बसल्या. आणि मग तिच्या पाठीमागे, अगदी दारातूनच, हळू, खाकरल्यासारखा एक आवाज झाला, आणि कागदी पिशवी चुरचुरली.

“मुलांच्या,” आवाज म्हणाला, आणि थांबला.

मंजुषानं वळून बघितलं नाही.

“मुलांच्या हाती लागणार नाही,” आवाज म्हणाला, “अशा जागी ठेवावे.”